उभ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो

बॉनेटखाली : प्रश्न वाचकांचे, उत्तरं गॅरेजवाल्याची

गेल्या अंकात पावसाळ्याआधीच्या तपासणीबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : 'टायमिंग बेल्टला सहा-सात वर्षं झाली असतील तर किलोमीटर न बघता बदलून घ्या.' वायपर, ब्रेक, टायर यांवर पानभर लिहिलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर, आणि त्यातली काही चांगलीच तापलेली. म्हणून या वेळचं पान इंजिनाचा ताल राखणाऱ्या या दातेरी रबरी पट्ट्यालाच देतो.

प्रश्न : काका, नमस्कार. मी डोंबिवलीला असतो. देवगड तालुक्यात गावच्या घरी 2012 सालची छोटी पेट्रोल गाडी ठेवली आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ती पडवीच्या बाजूला ताडपत्रीखाली उभीच असते. आजवर फक्त 29,000 किलोमीटर चालली आहे. तिथला मेकॅनिक टायमिंग बेल्ट बदला म्हणतो. कंपनीच्या पुस्तकात जे किलोमीटर दिलेत त्याच्या निम्मीही गाडी चाललेली नाही. मुंबईहून आलेला बघून मला कापतोय का?

उत्तर : तुमच्या मेकॅनिकला मी ओळखत नाही, त्याच्या बाकीच्या बिलांची हमी देत नाही. पण बेल्टच्या बाबतीत तो बरोबर बोलतोय. कुडाळला हायवेलगतच्या माझ्या गॅरेजात हा वाद दर श्रावणात होतो. 'अरे पण गाडी खंय धावली हा? उभीच तर आसा!' उभी आहे, हेच तर दुखणं आहे.

आधी पुस्तक परत उघडा. देखभालीच्या तक्त्यात बहुतेक कंपन्या किलोमीटरच्या शेजारी महिने किंवा वर्षं देतात आणि खाली बारीक अक्षरात लिहितात, 'यांपैकी जे आधी होईल ते'. आपण किलोमीटर तेवढे वाचतो. माझा हिशेब विचाराल तर किनाऱ्यावरच्या गाडीला सहा-सात वर्षं पुष्कळ झाली. पुस्तकात त्याहून कमी दिली असतील तर पुस्तकाचं ऐका.

आता हा बेल्ट करतो काय ते सांगतो, म्हणजे भांडण मिटेल. इंजिनाच्या तळाला क्रँक नावाचा फिरता दांडा, त्याला जोडलेले पिस्टन खालीवर होतात. डोक्यावर कॅमचा दांडा, तो व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोबर एक व्हायला हवा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात. या दोघांना बांधून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. हायवेला इंजिन 3,000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला क्रँकचे 3,000 फेरे, चाललं असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह जिथवर खाली येतो तिथवरच पिस्टनही वर येतो, फक्त दोघांची वेळ वेगळी. आजीच्या काळी व्हायनात, म्हणजे उखळात, दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून भात कांडायच्या ते आठवा. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि ताल चुकला की मुसळावर मुसळ. बेल्ट तुटला की कॅम होता तिथे थांबतो. जे व्हॉल्व्ह उघडे होते ते उघडेच राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरतच असतो. पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी गाईड फुटतात, आणि फारच वाईट वेळ असली तर पिस्टनलाच भोक पडतं. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. काही पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात अंतर सोडलेलं असतं, तिथे गाडी नुसती बंद पडते आणि नवा बेल्ट घातला की चालू होते. डिझेलला ही चैन सहसा नसते. कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे वर जागाच उरत नाही.

बेल्ट दिसायला रबराचा असला तरी ताण रबर सोसत नाही. आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, त्या सोसतात. दातांवर नायलॉनचं कापड असतं, ते झीज सोसतं. काचेच्या धाग्याला ओल मानवत नाही आणि घडी तर मुळीच नाही. नवा बेल्ट कुणी मुडपून खिशात घालून आणला तर मी तो बसवत नाही, परत पाठवतो. रबराचं वेगळंच. ते उष्णतेने कडक होतं, आणि तेलाचा किंवा कूलंटचा थेंब पडत राहिला तर फुगून सुटायला लागतं. वय झालं की या सगळ्यातून ते सुटत नाही, मग गाडी धावो न धावो.

आणि उभ्या गाडीत आणखी भानगडी होतात. अशाच एका वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीचं बेल्टवरचं प्लास्टिक कव्हर उघडलं त्या दिवशीचं सांगतो. कव्हराच्या आतल्या अंगाला नारिंगी भुकटी, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचा, टेन्शनरचा गंज. खालच्या कोपऱ्यात उंदराने काथ्या आणि पायपुसण्याच्या चिंध्या आणून घर मांडलेलं. बेल्ट काढून हातात धरला तर एका जागी तो क्रँकच्या छोट्या पुलीचा बाक धरून बसलेला, सरळ होईना. पाठ आरशासारखी गुळगुळीत. दाताच्या मुळाशी नख लावून जरा उलटा वाकवला, तशा केसासारख्या भेगा उघडल्या. टेन्शनरचं बेअरिंग कानाशी धरून बोटाने फिरवलं तर खरखर, वाळू भरल्यागत. गाडीच्या मालकाने ते बेअरिंग स्वतः फिरवून बघितलं, आणि पुढे बिलावर एक शब्द बोलला नाही. वरून ही गाडी अगदी नवी वाटत होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

खारी हवा रबरापेक्षा लोखंडाचा जास्त जीव घेते. पुलीच्या दातांवर गंज धरला की ती पुली कानशीसारखी बेल्टला घासते. बरेच दिवस इंजिन फिरलं नाही तर क्रँक आणि कॅमची ऑईल सीलं सुकतात आणि गाडी चालू केल्यावर तेल सोडायला लागतात, ते थेट बेल्टवर. आणि अशी गाडी चालू होते कधी? चतुर्थीच्या आदल्या दिवशी. पाच माणसं, माटवीचं सामान, मागे फळांच्या पेट्या, एसी चालू, आणि समोर घाट.

डोळ्यांनी बघून कळेल का, असंही तुम्ही पत्रात पुढे विचारलं आहे. वरचं प्लास्टिक कव्हर बऱ्याच गाड्यांत दोन-चार बोल्ट सोडले की निघतं, टॉर्च लावून बघता येतं. भेगा, तेलाचा ओलावा, कडेचे सुटलेले धागे दिसले तर प्रश्नच मिटला. पण काही दिसलं नाही म्हणजे बेल्ट चांगला, असं समजू नका. हल्लीचे बेल्ट आतून थकतात आणि बाहेरून भेगा दाखवत नाहीत. आवाजाचीही वाट बघू नका. सकाळी गाडी चालू करताना चीं-चीं करतो तो बाहेरचा फॅन बेल्ट. टायमिंग बेल्ट तुटेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही.

बदलताना नुसता बेल्ट बदलू नका. टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वळण देणारं चाक) बदला, आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बदला. मजुरी एकदाच पडते. नवा बेल्ट आणि जुना टेन्शनर असं कुणी सुचवलं तर दुसरं गॅरेज बघा, कारण बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही तासाभरात जातो. किट सीलबंद पाकिटातलं, कंपनीचं किंवा नावाजलेल्या बेल्टवाल्याचं घ्या. पाकिटावर आणि बेल्टच्या पाठीवर काय छापलंय ते ताडून बघा. दुकानाच्या माळ्यावर चार वर्षं पडलेला बेल्ट स्वस्तात मिळतो, पण तो कशाला? बसवून झाल्यावर मेकॅनिकने पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुल्यांवरच्या खुणा परत जुळतात का ते बघायला हवं, मगच सेल मारायचा. एक दात इकडेतिकडे झाला तरी गाडी ओढत नाही. दोन-तीन दात चुकले तर व्हॉल्व्ह वाकवायला बेल्ट तुटावा लागत नाही. हे काम होताना तिथे उभे राहा आणि जुने भाग मागून घ्या.

खर्च काही हजारांत भागतो. तुटल्यानंतरचा खर्च त्याच्या कितीतरी पट, आणि विमा धरून चालू नका. साध्या पॉलिसीत झीज आणि मेकॅनिकल बिघाड वगळलेलेच असतात.

प्रश्न : मी चिपळूणची. मागच्या वर्षी जुनी डस्टर डिझेल घेतली. आधीच्या मालकाने सांगितलं की 2021 च्या पुरात गाडीत चाकाच्या वरपर्यंत पाणी आलं होतं, पण सगळं काम करून घेतलं आहे. बिलावर 'बेल्ट बदलला' असं आहे. निश्चिंत राहू का?

उत्तर : नको, ताई. 'बेल्ट' म्हणजे कुठला? गॅरेजच्या भाषेत बाहेरचा, ऑल्टरनेटर आणि एसी फिरवणारा, तोही बेल्टच. बिलावरच्या रकमेवरून अंदाज येईल. एकाच बेल्टची किंमत आणि किरकोळ मजुरी असेल तर तो बाहेरचाच. टायमिंगचं काम असेल तर किट किंवा टेन्शनर असा उल्लेख हवा आणि मजुरीही बऱ्यापैकी दिसायला हवी.

22 जुलै 2021 चं वाशिष्ठीचं पाणी तुम्ही बघितलं आहे. ते नुसतं पाणी नव्हतं, गाळ होता. टायमिंगचं कव्हर पाणबंद नसतं, धूळ आणि दगड अडवण्यापुरतं असतं. चाकाच्या वर पाणी म्हणजे क्रँकची पुली बुडालीच. पाणी उतरतं, गाळ दातांच्या खाचांत बसतो आणि सुकून कडक होतो. बेअरिंगच्या आतलं ग्रीस धुवून जातं. अशी गाडी वर्ष-दोन वर्षं छान चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. तुमच्या गाडीचं 1.5 चं डिझेल इंजिन बेल्टवालं आहे. पूर्ण किट आणि वॉटर पंप बदला, क्रँकची पुली काढायला लावून मागे गाळाचा थर आहे का तो स्वतः बघा. कव्हर उघडल्यावर पहिला फोटो तुम्हीच काढा. आणि ज्या तारखेला बदलाल ती तारीख आणि किलोमीटर एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. पुढच्या मालकाला तुमच्यासारखं पत्र लिहावं लागणार नाही.

प्रश्न : कुंभार्ली घाट उतरताना आमची गाडी अचानक बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला होता हे नंतर कळलं. मागून आलेल्या ट्रकवाल्याने 'दुसऱ्या गिअरवर ढकलून चालू करा' म्हणून मदत केली, पण झाली नाही. अशा वेळी नेमकं काय करावं?

उत्तर : आधी माणसं, मग इंजिन. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, स्टिअरिंग एकदम जड लागतं. पण ते फिरतं, जोर लावा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा, कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. घाटात डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या नाही. हे सांगायची गरज नसावी, पण दमलेला माणूस डावीकडेच घेतो.

गाडी उभी राहिल्यावर सेल एकदाच, क्षणभर मारून आवाज ऐका. नेहमी सेलचा आवाज चढउतार करत येतो, कारण दर फेऱ्याला कॉम्प्रेशनचा अडथळा असतो. बेल्ट गेला असेल तर सेल हलका, सरळ, भरभर फिरतो, जसं काही आत इंजिनच नाही. तसा आवाज आला की तिथेच थांबा. पुन्हा सेल नाही, आणि ढकलून तर नाहीच. तो ट्रकवाला भला माणूस असणार, पण गिअरमध्ये ढकलल्यावर चाकं क्रँक फिरवतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन पुन्हा पुन्हा आपटतात. पहिला घाव बसलेला असतोच, दुसरा आपण हाताने घालायचा नाही. गाडी न्यूट्रलला ठेवून टो करून न्या. गॅरेजवाला 'नुसता बेल्ट घालून बघूया' म्हणाला तर आधी प्रत्येक सिलिंडरची लीकेज टेस्ट करायला, म्हणजे आत हवा भरून ती सुटते का ते बघायला सांगा. व्हॉल्व्ह वाकला असेल तर हवा सुटताना तिथेच कळतं.

प्रश्न : रत्नागिरी स्टेशनवर माझी जुनी इनोव्हा आहे, भाड्याने चालते. मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा लागला. मित्र म्हणतो, दिवा रिसेट करता येतो, गाडी मस्त चाललीय.

उत्तर : रिसेट करता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. दिवा बेल्टकडे बघत नाही, भाऊ, तो किलोमीटर मोजतो. म्हणून त्याचे दोन अर्थ लक्षात ठेवा. दिवा लागला नाही म्हणजे बेल्ट चांगला, असं नाही. आणि जुनी गाडी घेतली असेल तर मधे कुणीतरी बेल्ट न बदलताच दिवा विझवला असण्याची शक्यता असते. तुमचं 2.5 डी-फोर-डी डिझेल इंजिन दणकट आहे, पण बेल्ट गेला की दणकटपणा कामाला येत नाही. तुमची गाडी दिवसाला पोट भरते, तिला दोन दिवस उभी करून किट टाका. नंतरची इनोव्हा क्रिस्टा घेतलीत तर हा प्रश्न नाही, तिच्या डिझेलला चेन आहे.

प्रश्न : माझ्या गाडीला बेल्ट नाही, चेन आहे असं शोरूमवाला म्हणाला. म्हणजे आयुष्यभर बघायला नको ना? आणि चेन इतकी चांगली, तर बेल्ट आणलाच कशाला? – सावंतवाडी

उत्तर : दुसरं आधी. अँबेसिडर, पद्मिनी चेनवर चालायच्या. पुढे कॅम इंजिनाच्या डोक्यावर नेला तशी चेन लांब झाली, आवाज वाढला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या ग्लास कंपनीने 1004 या छोट्या गाडीत दातेरी रबरी बेल्ट घातला. हलका, शांत, स्वस्त, तेल नको. मग सगळ्यांनी उचलला. आपल्याकडे मारुती 800, ओम्नी, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल या सगळ्या बेल्टवाल्या. नंतरच्यांत डस्टर, फिगो आणि इकोस्पोर्ट यांची डिझेलं, पोलोचं 1.5 टीडीआय. चेनवाल्यांत मारुतीची के-सिरीज आणि स्विफ्ट-डिझायरमध्ये आलेलं 1.3 चं मल्टिजेट डिझेल.

आता तुमची चेन. ठराविक किलोमीटरला ती बदलायची नसते हे खरं. पण तिचं आयुष्य तेलावर. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, सांध्यांना तेल लागतं. तेल वर्षानुवर्षं काळंच ठेवलं तर सांधे झिजून चेन लांबते. सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड आली, की तेल आणि चेन दोन्ही दाखवून घ्या. वर्षातून एकदा तेल बदला, गाडी 2,000 किलोमीटरच चालली असली तरी. हवेतली ओल तेलात उतरते, आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून ती उडून जात नाही.

याच दोघांच्या मधला एक प्रकार आहे, तेलात बुडून चालणारा बेल्ट. इकोस्पोर्टच्या 1.0 इकोबूस्ट पेट्रोलमध्ये तो आहे. तिथे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घाला. चुकीच्या तेलाने बेल्ट झडतो, त्याचे तुकडे खाली तेलाच्या जाळीत अडकतात, आणि बेल्ट तुटायच्या आधी तेलाअभावी इंजिन जातं. 'अण्णा, ह्याच चांगला तेल आसा' म्हणून कुणी ड्रममधलं ओतायला लागला, तर झाकण बंद करा.

प्रश्न : तारकर्लीला स्नॉर्कलिंगची बोट चालवतो. आउटबोर्डला हा बेल्ट असतो का?

उत्तर : टू-स्ट्रोक असेल तर नसतो, कारण कॅम आणि व्हॉल्व्हच नाहीत. फोर-स्ट्रोकच्या बऱ्याच मॉडेलांत असतो, वरचं कव्हर काढलं की फ्लायव्हीलच्या खाली दिसतो. काहींत चेन असते. समुद्रात किलोमीटर नाहीत, तिथे इंजिनाचे तास आणि वर्षं मोजतात. पुस्तकात दोन्ही दिलेलं असतं. सीझन संपून बोट वर ओढली की त्याच वेळी बघून घ्या. मिठाचा थर फडक्याने पुसा, पण बेल्टवर आणि पुलीवर गंजरोधक स्प्रे मारू नका. आमच्याकडे एकाने 'आवाज येता' म्हणून तोच मारला होता. त्या तेलाने दातांचं कापड सुटलं.

प्रश्न : माझ्या अ‍ॅक्टिवाचा बेल्ट तुटला. व्हॉल्व्ह गेले असतील का? – दापोली, कॉलेज विद्यार्थिनी

उत्तर : नाही गं, घाबरू नकोस. तुझा तुटला तो मागचं चाक फिरवणारा बेल्ट. इंजिन रेस होतं पण गाडी हलत नाही, असंच झालं ना? स्कूटरच्या व्हॉल्व्हसाठी आत वेगळी छोटी चेन असते. नवा बेल्ट घालताना पुलीतले रोलरही बघायला सांग आणि कव्हराच्या आतला जुन्या बेल्टचा भुसा हवा मारून साफ करून घे.